वासाची आई

माझ्या मुलीकडे राहायला जायचं तर आपण चपला काढून ठेवतो तसा आपला वासही दारात काढून ठेवावा लागतो.

रेवती चीनमधल्या मिन पर्वतात, पांड्यांसाठी राखून ठेवलेल्या एका उंच दरीत काम करते. खालच्या गावातून पाळण्यात बसून तारेवरून वर गेलं की पहिली इमारत लागते ती आंघोळीची. तिथल्या बाईनं मला बिनवासाचा साबण दिला आणि केस पुन्हा पुन्हा धुवायला लावले. डोक्यात वर्षानुवर्षं मुरलेलं माक्याचं तेल काही निघता निघेना. माझ्या सामानातली लसणाची चटणी तिनं चिमट्यानं उचलून पेटीत बंद केली, जणू तिचा आत्ता स्फोट होणार होता. गोधडी मात्र मी सोडेना. माझ्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची ती गोधडी, तिनं स्वतः शिवलेली. थंडीची म्हणून मी ती इचलकरंजीहून उचलून आणली होती. शेवटी तीही एका पिशवीत सीलबंद झाली. ती रेवतीकडे पोचेल, असं कानातल्या दुभाष्यानं मला सांगितलं. आजकाल हे दुभाषे सगळीकडे मिळतात. माझ्या दुभाष्याचा आवाज रेडिओवर बातम्या देणाऱ्या पुण्याच्या गृहस्थासारखा होता, त्यामुळे त्या नाजूक बाईच्या तोंडून तो ऐकताना मला हसू आवरत नव्हतं.

मग मला एका काचेच्या कपाटात उभं केलं. खालून वर वारं सुटलं, हिरवा दिवा लागला आणि पलीकडचं दार उघडलं. दाराबाहेर एक पांडा दोन पायांवर उभा होता.

"आई, मिठी मारू नकोस," पांडा म्हणाला. "मी आत्ता दुसऱ्या कुणाची तरी आई आहे."

मी पाच वर्षांनी लेकीला पाहत होते, आणि तीही अशी. हसावं की रडावं कळेना. तिच्या शेजारी पन्नाशीची एक रुंद खांद्यांची बाई पांड्याचं डोकं काखेत मारून उभी होती. तिचं नाव छन यूलान, तिथल्या राखणदारांची ती मुख्य. माझ्याकडे नीट पाहून ती मला 'आयी' म्हणाली. तिकडे मोठ्या वयाच्या बाईला मावशी म्हणतात तसा तो शब्द. माझ्या कानाला तो बरा लागला.

*

रेवतीनं काय शोधलं ते मला तिनं फोनवर अनेकदा सांगितलं होतं, पण खरं कळलं ते तिथं गेल्यावर.

प्रत्येक सस्तन प्राण्याच्या अंगातून शेकडो प्रकारचे हलके रेणू सतत हवेत उडत असतात. कोणते रेणू आणि किती, हे काही अंशी रोगाशी लढणाऱ्या आपल्या जनुकांवर ठरतं आणि काही अंशी कातडीवर वस्ती करून असलेल्या जिवाणूंवर. त्यामुळे बोटांच्या ठशांसारखाच प्रत्येकाचा वास वेगळा. कुत्र्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे, आपल्या नाकाला ते जमत नाही. नाकाच्या आत वास ओळखणारी जी प्रथिनं असतात तशी प्रथिनं एका चकतीवर बसवून शास्त्रज्ञांनी वास वाचायला सुरुवात केली. रेवतीच्या गटानं पुढचं काम केलं. वाचलेला वास त्यांनी परत लिहून दाखवला. तिच्या प्रयोगशाळेत भिंतभर बारीक नळ्या आहेत. त्यांतून थेंबाच्याही अंशानं रेणू घेऊन यंत्र हवा तो वास विणतं. विणतं हा शब्द माझा. आमचं घर कोष्ट्याचं. सूत तेच, रंग तेच मोजके, आणि तरी एका लुगड्याची नक्षी दुसऱ्यासारखी नसते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. मी तसं म्हणाले तेव्हा रेवती म्हणाली, "बघ, हे लेखात लिहायला हवं होतं."

पांडा एकटा राहणारा प्राणी. एकमेकांची गाठ क्वचित पडते, सगळा संसार वासावर चालतो. झाडाच्या बुंध्याला अंग घासायचं आणि पुढं जायचं. मागून येणारा ते हुंगून कोण होतं, केव्हा होतं, कोणत्या मनःस्थितीत होतं ते जाणतो. आईविना राहिलेली पिल्लं वाढवताना राखणदार फार पूर्वीपासून पांड्याचा पोशाख घालतात आणि त्यावर पांड्याचं मूत चोळतात, पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून. माणसाची सवय लागलेलं पिल्लू पुन्हा रानात राहू शकत नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी या दरीत दरड कोसळली आणि एक मादी गाडली गेली. तिचं वर्षाचं पिल्लू मागं उरलं. एरवी ते पिंजऱ्यात आलं असतं आणि जन्मभर लोकांना बांबू खाऊन दाखवत बसलं असतं. रेवतीनं मेलेल्या मादीच्या गुहेतला पाला उचलला, तिनं अंग घासलेल्या झाडांच्या साली खरवडल्या, तिचा वास वाचला आणि लिहिला. दरीभर झाडांच्या बुंध्यांत वासाचे खांब बसवले. ते आळीपाळीनं वास सोडत, असे की आई सतत थोडी पुढं चालली आहे असं वाटावं. रोज थोडा वेळ रेवती स्वतः पांड्याच्या पोशाखात, तोच वास लावून, खांबाशी बसायची. पिल्लू त्या वासामागं चालत राहिलं. खायला शिकलं, झाडावर चढायला शिकलं, बिबट्यापासून लपायला शिकलं. माणसाचा हात न लागता वाढलेलं पहिलं अनाथ पिल्लू. आमच्या इचलकरंजीच्या पेपरातसुद्धा फोटो आला होता, त्यात रेवतीचं आडनाव चुकलं होतं.

पिल्लू मादी होती. छन तिला शाओशी म्हणायची, म्हणजे लहानसा दगड. बसली की हलायची नाही म्हणून.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दरीच्या काठावरच्या मचाणावर नेलं. सकाळ होती, धुकं वर सरकत होतं. मी उभी राहिले आणि मला गवताळ, कोरड्या सुगीचा भास झाला. खालची सगळी बांबूची बेटं फुलली होती. बांबूचा फुलोरा दिसायला भाताच्या लोंब्यांसारखा, पिवळट तपकिरी. सुंदर म्हणावा असं त्यात काही नाही. पण भूगोल शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला त्याचा अर्थ माहीत होता. हा बांबू दोन पिढ्यांतून एकदा फुलतो, डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात, आणि फुलले की मरतात. गेल्या वेळी तो इथं फुलला तेव्हा मी शाळेत होते. उपाशी पांड्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला होता आणि आमच्या बाईंनी तो वर्गाच्या भिंतीला चिकटवला होता. इतक्या वर्षांनी मी त्याच डोंगरात उभी राहीन असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

"हिवाळ्यापर्यंत खाली काही उरणार नाही," रेवती म्हणाली. "खिंडीपलीकडच्या दरीत बांबूची दुसरी जात आहे. ती हिरवी आहे. बाकीचे पांडे केव्हाच तिकडे गेले."

"आणि ही?"

रेवतीनं दुर्बीण माझ्या हातात दिली. खाली एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी शाओशी बसली होती. तो वासाचा खांब होता. तिच्या भोवतीचा बांबू वाळून करडा झाला होता. ती त्याचीच एखादी काडी उचलायची, चावायची, टाकून द्यायची. खांद्याची हाडं केसांतून दिसत होती.

अडीच वर्षांची झाली तरी ती आईला सोडत नव्हती. सोडणार कशी? आई रोज होती. आणि बर्फ पडायला लागलं की खिंड बंद होणार होती.

मी साहजिकच विचारलं, यंत्र बंद का करत नाही. उन्हाळ्यात करून पाहिलं होतं. शाओशी प्रत्येक खांबापाशी जाऊन हुंगत राहिली, मग शेवटच्या खांबाशी बसली आणि तिनं खाणं सोडलं. घाबरून यंत्र पुन्हा सुरू केलं. बेशुद्ध करून पलीकडे नेऊन सोडायचंही करून झालं. ती खिंड चढून परत आली, त्याच खांबाशी.

"रानात किती वर्षांची झाली की पिल्लं जातात?"

"दोन-अडीच. मुलगे आईच्या आसपासच राहतात, आई." रेवती दुर्बिणीतून पाहत राहिली. "पांड्यांमध्ये मुलीच लांब जातात."

"म्हणजे आमच्यासारखंच की."

ती हसली नाही. माझ्या कानातल्या पुण्याच्या गृहस्थानं छनचं बोलणं सांगितलं: "आयी, तुमची मुलगी फार चांगली आई आहे. म्हणून तर पंचाईत झाली आहे."

*

आता माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल सांगायला हवं.

रेवतीला मी कायमची तिथं राहायला हवी होते. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, इचलकरंजीत मी एकटी. घरात कोण आहे तुझं, हे ती दर फोनला विचारायची. गच्चीवरच्या कुंड्या आहेत, असं मी सांगायची. ती चिडायची. या खेपेला तिनं वाद घातला नाही. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, गोधडी माझ्या मांडीवर ठेवली आणि बोटाएवढी एक कुपी टेबलावर उभी केली.

"डोळे मीट," म्हणाली, आणि झाकण फिरवलं.

आमच्याच घरातली कुणी बाई खोलीत आली. ओळखीची, पण नाव आठवेना अशी. एखाद्या लग्नात लांबची आत्या समोर येते तशी.

"कोण आहे?" रेवतीनं विचारलं.

मग मला कळलं. गोधडीच्या आतल्या थरांत आईच्या अंगाची स्निग्धता सुताला धरून राहिली होती. हलके रेणू केव्हाच उडून गेले होते, जड तेवढे उरले होते. ते वाचून रेवतीनं माझ्या आईचा, तिच्या आज्जीचा, वास विणला होता.

"बराचसा बरोबर आहे," मी म्हणाले. "पण ही फार स्वच्छ आहे गं. माझी आई घरी दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सुताला खळ लावलेली असायची, आंबूस वास यायचा तिच्या हातांना. आणि सकाळी तव्यावर मशेरी भाजायची."

"मशेरी म्हणजे?"

काय काय राहून जातं सांगायचं. मी तिला सांगितलं, तंबाखू जाळून करतात, दातांना लावतात. चांगली सवय नव्हे. रेवती सगळं नीट ऐकून गेली आणि दुसऱ्या दिवशी नवी कुपी घेऊन आली.

या वेळी झाकण फिरलं आणि माझी उंचीच गेली. मी सत्त्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई. पण त्या क्षणी माझ्या नाकासमोर आईचा गुडघा होता, लुगड्याचा काठ होता, आणि वरून तिचा हात माझ्या डोक्यावर येणार होता. मी तो येण्याची वाट पाहिली. कितीतरी वेळ.

त्यानंतर मी खोलीतून बाहेर पडेनाशी झाले. सकाळी उठलं की झाकण फिरवायचं आणि गोधडी पांघरून खिडकीशी बसायचं. आठवणी येत, पण मी त्यांच्या मागंही जात नव्हते. नुसती बसून असायची. जेवणाच्या वेळी छन ताट आणून ठेवायची आणि भात गार व्हायचा. रेवती खूष होती. आई राहायला तयार झाली, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं. घराची, गच्चीची आठवण येईनाशी झाली होती. तिनं विचारलं, परतीचं तिकीट रद्द करू? मी मान डोलावली.

एकदाच मी तिला विचारलं की गोधडीत एवढं सगळं कसं उरलं असेल.

"सगळं नव्हतं उरलं. मधले धागे तुटलेले होते. ते मी तुझ्यातून घेतले. तू आलीस त्या दिवशी काचेच्या कपाटात तुझा वास वाचला गेला होता. आज्जीचं अर्धं तुझ्यात आहेच ना."

"मग मी रोज कुणाला हुंगतेय?"

"अर्धी तुलाच," रेवती म्हणाली.

*

छन एका सकाळी ताट घेऊन आली. कालचं ताट तसंच होतं. तिनं ते उचललं, खिडकीबाहेर दरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुण्याचे गृहस्थ माझ्या कानात म्हणाले: "एक दगड खाली बसलाय, आयी, आणि एक वर."

ती गेली. मला राग आला. परक्या बाईनं आपल्याला असं बोलावं! मी भात खायला घेतला तो रागानंच. खाता खाता भिंतीवरच्या पडद्याकडे लक्ष गेलं. त्यावर दरीतल्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसत. शाओशी खांबाशी बसली होती. पुढचे पाय पोटाशी घेऊन, डोकं किंचित वर करून. कुणीतरी वरून डोक्यावर हात ठेवणार आहे अशी.

मी कुपीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, पुन्हा फिरवून बसवलं.

प्रयोगशाळेत रेवती एकटीच होती. मी तिला विचारलं, खरी आई असती तर या वयाच्या लेकीला तिनं कसं धाडलं असतं. नुसती दिसेनाशी झाली असती का?

"नाही," रेवती म्हणाली. "वसंतात मादी माजावर येते, तिला पुढचं पिल्लू हवं असतं. तेव्हा तिचा वास पालटतो. असते तीच, पण त्या वासाचा अर्थ असतो, जवळ येऊ नकोस. गुरगुरते, पंजा मारते. पिल्लाला कळतं."

"मग तो वास लिहिता नाही येत?"

रेवती उठली. तिनं एक कपाट उघडलं. आतल्या फळीवर मुठीएवढी एक नळी होती.

"मे महिन्यापासून तयार आहे," ती म्हणाली. "ऋतू चुकीचा आहे आता, पण पिल्लाला कुठं पंचांग माहीत." हे हसण्यासारखं होतं, पण तिचा चेहरा वेगळाच झाला. "छन रोज विचारते, केव्हा बसवायची. मी म्हणते, अजून तपासायचंय. आई, ती खाली उतरून रस्त्याकडेही पळू शकते. आणि दोन वर्षं मी तिला सांगत आले, मी आहे. एका आवाजात. आता त्याच आवाजात जा म्हणू?"

मी तिच्याजवळ बसले. तिथल्या खुर्च्या उंच, माझे पाय लोंबत होते.

"तुझं दूध तुटत नव्हतं," मी म्हणाले. "अडीच वर्षांची झालीस तरी. माझी शाळा होती, तू सोडायची नाहीस. मी दोन दिवस शेजारी लपून राहिले. तू उंबऱ्यात बसून राहिलीस, घास घेतला नाहीस. मग आज्जी आली तुझी. गच्चीवरून कोरफडीचं पान कापून आणलं, उभं चिरलं, आणि माझ्या छातीला तो पिवळा चीक फासला. स्वतःच्या हातानं. मी पुसायला गेले तर हात धरला माझा."

"मग?"

"म्हणाली, नंदे, लपू नको. आई सापडत नाही म्हटल्यावर पोर तिला शोधतच बसणार. समोर बस, आणि कडू हो."

रेवतीनं ती नळी फळीवरून उचलून हातात घेतली.

"मी काय केलं?" तिनं विचारलं.

"तोंड लावलंस, थुंकलंस. माझ्याकडे असं पाहिलंस की मी ते अजून विसरले नाही. पुन्हा लावलंस, पुन्हा थुंकलंस. मग रडत रडत आज्जीकडे गेलीस आणि तिच्या ताटातली भाकरी खाल्लीस."

*

मला खाली यायला रेवतीचा विरोध होता. पण छननं तिच्याशी हुज्जत घातली आणि सगळ्यांत बुटक्या राखणदाराचा पोशाख माझ्यासाठी आणला. तोही मला लांब झाला, पंजे जमिनीवर घासत होते. पांड्याच्या डोक्यातून जग दोन भोकांएवढं दिसतं. छन वर मचाणावर बेशुद्ध करायची बंदूक घेऊन बसली, कारण शाओशी आता काही कडेवर घेण्याजोगी नव्हती. तिच्या एका पंज्यानं माणूस आडवा होईल.

लाकडी फळ्यांच्या वाटेनं आम्ही उतरलो. बांबूच्या लोंब्या अंगाला घासल्या की बी गळायचं. दरीत आवाज नव्हता. पक्षी बी खाऊन सुस्त झाले असावेत.

बाकीचे खांब सकाळीच बंद केले होते, हा एकच उरला होता. शाओशी खांबापाशी नव्हती. रेवतीनं बुंध्यावरचं झाकण उघडलं, जुनी नळी काढली. नवी हातात घेऊन ती तशीच राहिली. पोशाखाच्या केसाळ पंज्यातून नळी निसटायला लागली.

"आण इकडे," मी म्हणाले. "हे काम आज्जीचंच असतं. तू समोर बस."

नळी खोबणीत बसली तेव्हा खट् झालं. मला तर कसलाच वास आला नाही. माणसाच्या नाकासाठी तो लिहिलेलाच नव्हता. मी एका खडकाआड सरकले आणि रेवती झाडाखाली, तिच्या रोजच्या जागी, मांडी घालून बसली.

शाओशी मागच्या बाजूनं आली. जवळून ती मला फार मोठी वाटली आणि फार थकलेली. तिनं खांब हुंगला. मान मागं घेतली, पुन्हा हुंगला. मग कोकराच्या आवाजात ओरडली. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून तो आवाज यावा याची माझ्या मनाची तयारी नव्हती. ती रेवतीकडे वळली आणि तिनं आपलं तोंड सरळ तिच्या छातीवर नेलं. त्या पोशाखालाही सकाळी तोच वास दिला होता.

रेवती हलली नाही.

शाओशीनं तोंड झटकून बाजूला घेतलं, पंजा उचलला आणि मारला. पोशाखाची बाही खांद्यापासून फाटली. मचाणावर छन उभी राहिलेली मला दिसली. रेवतीनं फाटका हात वर करून तिला थांबवलं आणि पुन्हा खाली ठेवला. उघड्या दंडावर रक्ताची रेघ उतरत होती, तरी ती शाओशीकडे पाहत तशीच समोर बसून राहिली.

शाओशी थोडी मागं गेली. पुन्हा ओरडली, या वेळी हळू. मग आमच्याकडे पाठ करून बांबूत शिरली आणि वाळल्या काड्या मोडल्याचा आवाज दूर दूर जात राहिला. चढाच्या दिशेनं की उताराच्या, ते खडकाआडून कळेना.

वर आल्यावर छननं रेवतीचा दंड बांधला. पट्टी बांधून झाल्यावरही तिनं हात सोडला नाही.

पुढं काही दिवस कुणालाच ती दिसली नाही. एकदा दरीच्या वरच्या टोकाला झाडावर काहीतरी काळंपांढरं आहे असं वाटलं, ते बर्फ निघालं. पहिलं बर्फ. त्या दिवशी रेवती जेवली नाही. मी ताट तिच्यासमोर तसंच ठेवलं आणि शेजारी बसले.

मग एका सकाळी खिंडीपलीकडच्या वास वाचणाऱ्या यंत्रानं एका देवदाराच्या बुंध्यावरचा ठसा कळवला. ताजा होता. एका तरुण मादीनं अंग घासलं होतं. रेवतीनं तो पडद्यावर मांडला आणि जुन्या मादीच्या वासाशेजारी ठेवला. मला काही समजत नव्हतं, रंगीत रेघा होत्या नुसत्या. तिनं बोटानं दाखवलं, हे आईकडून आलंय. हे बापाकडून. आणि मधला हा भाग कुणाकडूनच आला नव्हता, तो शाओशीचा होता. इथं राहते असं तिनं त्या झाडाला सांगितलं होतं. आजवर तिला तसं सांगायची गरजच पडली नव्हती.

*

माझं तिकीट रद्द केलं नव्हतं, असं रेवतीनं नंतर कबूल केलं. मीही फार आश्चर्य दाखवलं नाही.

निघायच्या दिवशी तिनं माझी चटणी, माझं तेल, सगळं पेटीतून परत आणून दिलं. ती पोशाखात नव्हती, म्हणून आम्हाला एकमेकींना मिठी मारता आली. मिठीत तिनं माझ्या मानेत नाक खुपसलं, आणि मला कळलं की ती काय करते आहे.

"तुझा वास माझ्याकडे आहे," ती तशीच बोलली. "न विचारता घेतला. पुसून टाकू?"

मी विचार केला. मी गेल्यावर ही पोर या डोंगरात एखाद्या दुपारी कुपी उघडून बसेल. मला ते आवडलं नसतं असं म्हणणं खोटं ठरेल.

"ठेव," मी म्हणाले. "पण त्यात कोरफड घाल. लगेच नको. आधी मला येऊ दे, थोडं बसू दे तुझ्यापाशी. मग कोरफड."

"आणि आज्जीच्या कुपीत?"

"तिच्यात तर आधी घाल."

तिनं तसं केलं. कोरफडीचा चीक तिला तिथं मिळेना, तेव्हा घरी पोचल्यावर मीच गच्चीवरच्या कुंडीतलं पान चिरून, वाळवून, टपालानं पाठवलं. त्यातूनच तो वास वाचला गेला, आणि आईची कुपी मागाहून माझ्याकडे आली.

आता मी इचलकरंजीत आहे. आठवड्यातून एखादे दिवशी, दुपारची झोप येत नसली की, झाकण फिरवते. आई येते. खळ, मशेरी, उन्हात वाळलेलं लुगडं. मी डोळे मिटून तिच्या गुडघ्याशी बसते. अर्धी ती, अर्धी मीच. बरं चाललेलं असतं, आणि मग तो उग्र कडवट वास हळूहळू वर येतो. दर वेळी मला वाटतं, आज जरा उशिरा येईल. पण तो वेळेवरच येतो.

मग मी उठते आणि गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जाते.